नव्या घराची बिले: दोन वर्षांच्या करारावर इतक्यात सही नको

आपण सगळे तपशील व्यवस्थित कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले. पुढच्या महिन्यात आपण सध्याचे भाड्याचे घर सोडून थोड्या मोठ्या घरात राहायला जात आहात. वीज, गॅस, इंटरनेट आणि टीव्ही या चारही सेवा एकाच कंपनीकडून, एकाच मासिक हप्त्यात घेण्याची २४ महिन्यांची योजना आपल्यापुढे आहे आणि पहिले १२ महिने त्या हप्त्यावर १५ टक्के सवलत आहे. सामानाची बांधाबांध चालू असताना एकच बिल आणि एकच तारीख सांभाळावी लागणार, याचा दिलासा मी समजू शकतो. तरीही ही योजना आपण आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. आपण कळवल्याप्रमाणे योजनेचा मूळ हप्ता आपल्या आजच्या चारही बिलांच्या बेरजेपेक्षा १० टक्क्यांनी जास्त आहे. आजची बेरीज दरमहा १०० धरली, तर मूळ हप्ता ११० होतो आणि १५ टक्के सवलतीनंतर तो ९३.५ वर येतो. म्हणजे पहिल्या वर्षी दरमहा ६.५, एकूण ७८ वाचतात. दुसऱ्या वर्षी सवलत संपते आणि दरमहा १० जास्त भरावे लागतात, म्हणजे एकूण १२०. दोन वर्षांअखेर आपण ४२ ने तोट्यात असता. सवलत संपताच बाहेर पडू, असे आपण लिहिले आहे. परंतु मुदतीपूर्वी करार मोडल्यास दोन हप्त्यांइतके शुल्क आहे, ते २२० होते आणि पहिल्या वर्षीची सगळी बचत त्यात बुडते.

तोटा फार मोठा नाही, हे मला मान्य आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी मी नको म्हटले नसते. माझी खरी हरकत अशी की, हा सगळा हिशेब जुन्या घराच्या वापरावर उभा आहे. जुन्या घरी पाणी गॅसवर तापत होते, नव्या घरी विजेचा गिझर आहे. २००० वॅटचा गिझर रोज प्रत्यक्ष एक तास वीज घेत असेल, तर दिवसाला २ आणि ३० दिवसांना ६० युनिट तेवढ्यानेच वाढतात. गॅसचे बिल त्याच वेळी उतरते. समान मासिक हप्ता कंपनी अंदाजाने ठरवते आणि प्रत्यक्ष वापराशी त्याचा मेळ नंतर घालते, त्यामुळे अंदाज कमी पडला तर फरकाची रक्कम वर्षाच्या शेवटी एकदम अंगावर येते. आपल्या पत्रातली शिल्लक पाहता असा धक्का आपल्याला नक्कीच जड जाईल. म्हणून पहिले तीन महिने दीर्घ बंधन नसलेल्या, प्रत्यक्ष रीडिंगवर बिल देणाऱ्या जोडण्या घ्याव्यात. तीन बिले हातात आल्यावर एकत्रित योजनेचा विचार पुन्हा करता येईल, मात्र गिझरचा वापर ऋतूप्रमाणे बदलतो, याची सूट त्या अंदाजात ठेवावी.

किल्ली हातात येईल त्या दिवशी सामान उतरवण्यापूर्वी प्रत्येक मीटरचा फोटो काढून ठेवा. फोटोत मीटरचा क्रमांक आणि आकडे दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. काही मीटरवर शेवटचे आकडे लाल चौकटीत असतात, ते सहसा दशांशाचे असतात आणि बिलात धरले जात नाहीत. जुने घर सोडतानाही हेच करा. माझ्या सल्ल्याने व्यवहार करणाऱ्या एका कुटुंबाला पहिलेच बिल अपेक्षेच्या जवळजवळ तिप्पट आले होते, कारण आधीच्या रहिवाशाचे शेवटचे रीडिंग कोणी घेतलेच नव्हते. ताबा घेतल्याच्या दिवशीचा मीटरचा फोटो त्यांच्याकडे होता, म्हणून दुरुस्ती झाली. तो नसता तर दुसऱ्याचा वापर त्यांनाच फेडावा लागला असता.

जुन्या घराची वीज आणि पाणी घर बदलण्याच्या दिवशीच बंद करण्याचा आपला विचार मात्र बदलावा, अशी माझी विनंती आहे. साफसफाई, राहिलेले सामान आणि घरमालकाबरोबरची पाहणी या सगळ्याला उजेड आणि पाणी लागते, आणि अनामत रक्कम परत मिळणे त्या पाहणीवरच अवलंबून असते. आठवडाभर दोन्हीकडचा स्थिर आकार भरावा लागला, तरी तो खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. इंटरनेटचे उलट आहे. त्याची नवी जोडणी तंत्रज्ञाच्या वेळेवर अवलंबून असते, म्हणून तिची नोंदणी सगळ्यांत आधी करा आणि जुन्या करारात किती दिवसांची पूर्वसूचना लागते ते आजच पाहून घ्या.

ऑटो डेबिटबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. बँकेत ऑटो डेबिट बंद केले म्हणजे सेवा बंद झाली, असा अनेकांचा समज असतो आणि तो महागात पडतो. करार चालूच राहतो, बिले जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि विलंब आकार चढत जातो. थकबाकीची नोंद पतअहवालात गेली, तर पुढचे कर्जही अडू शकते. त्यामुळे आधी सेवा बंद करण्याची लेखी विनंती द्या, तिचा क्रमांक जपून ठेवा, अंतिम बिल भरा, काही अनामत असेल तर ती मागा, आणि त्यानंतरच ऑटो डेबिट रद्द करा. नव्या घरी पहिली दोन बिले स्वतः वाचून, हाताने भरावीत असे मी सुचवतो. नाव, पत्ता, मीटर क्रमांक किंवा दरगट यांतली चूक बहुधा पहिल्या बिलातच दिसते, आणि पैसे परस्पर कापले गेले तर ती महिनोन्महिने लक्षात येत नाही.

सामानाचा विमा नव्या पत्त्यावर ताबा घेतल्याच्या तारखेपासून लागू करून घ्या आणि वाहतुकीतले नुकसान त्यात धरले आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. ते धरलेले असेलच असे नाही.

राहिला प्रश्न बाजूला ठेवायच्या रकमेचा. आजच्या चारही बिलांच्या बेरजेच्या दीडपट रक्कम पहिले तीन महिने दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाका आणि बिले तिथूनच भरा. दोन घरांची बिले काही दिवस एकमेकांवर येतील, एखादी नवी अनामतही भरावी लागेल, ते त्यातून भागेल. तीन महिन्यांची बिले जमली की ती मला पाठवा. गिझरचा वापर आणि तेव्हाचे दर पाहून एकत्रित योजनेचा हिशेब आपण नव्याने मांडू.