हलकं कोलोन, मंद कोलोन आणि आईचा आक्षेप

घणसोलीहून एका वाचकाने विचारलं आहे: ‘रोज ट्रान्स-हार्बरने ठाण्याला कामाला जातो. घामाने जीव नकोसा होतो म्हणून यंदा एक लाइट, रिफ्रेशिंग कोलोन आणलं. आईला सांगितलं, हलकं कोलोन आणलंय. ती म्हणाली, हलकं कशाला आणलंस, दोन पैसे जास्त गेले असते तर गेले असते! मग मराठीत नेमकं म्हणायचं काय? सरळ अत्तर म्हटलं तर चालेल का? आणि तो कोलोन, की ते कोलोन?’

आईचं मराठी पक्कं आहे. जेवण हलकं असतं, मन हलकं होतं, हलक्या हाताने मालिश करतात. इथवर ‘हलकं’ चांगलंच. पण विकत घेतलेल्या वस्तूला हलकं म्हटलं की मराठी कानाला पहिल्यांदा किंमत ऐकू येते. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. ‘जरा भारीतली दाखवा’ म्हणजे वजनदार साडी नव्हे, आणि ‘हलकीतली चालेल, द्यायघ्यायला हवीय’ म्हणजे तलम नव्हे. त्यामुळे हलकं कोलोन म्हणजे फुटपाथवरचं कोलोन, असं आईने ऐकलं. चूक तुमची, किंवा खरं तर ‘लाइट’ची.

वासाच्या बाबतीत आपण वजन मोजत नाही, जोर मोजतो. एका टोकाला मंद, दुसऱ्या टोकाला उग्र. मधे सौम्य आहे, पण साबणाच्या जाहिरातींनी तो इतका वापरलाय की आता त्याला फेसच येतो. ‘मंद वासाचं कोलोन’ म्हणा, आईची तक्रार राहणार नाही. रिफ्रेशिंगला मात्र विशेषण शोधत बसू नका. ‘ताजंतवानं करणारं’ हे पाकिटावर छापायला ठीक, घरात कोणी असं बोलत नाही. तिथे मराठी क्रियापदावर काम भागवते: लावलं की तरतरी येते, गार वाटतं, बरं वाटतं. संपलं.

आता कोलोन. हा शब्द तुमच्या घरात आधीच आहे, विचारून बघा. जुन्या पिढीला तो ‘कोलनवॉटर’ किंवा ‘युडीकोलन’ म्हणून ठाऊक आहे, आणि सुगंध म्हणून नव्हे, तापावरचा उपाय म्हणून. ताप चढला की थंड पाण्यात कोलनवॉटरचे चार थेंब टाकायचे, रुमालाची घडी भिजवून कपाळावर ठेवायची. आमच्याकडे ती बाटली औषधांच्या फळीवर असायची, पावडर-कुंकवाच्या फणेरपेटीजवळ कधीच नाही. मला आजही लिंबू-लव्हेंडरचा तो वास आला की शाळा बुडाल्याचा आनंद होतो.

‘युडी’ हे फ्रेंच स्पेलिंग इंग्रजी अक्षरांसारखं वाचल्याचं फळ. मूळ फ्रेंच उच्चार साधारण ‘ओ द कोलोन्य’. त्यातला ‘ओ’ म्हणजे पाणी, म्हणून ‘कोलनवॉटर’ हे चोख भाषांतर आहे. ‘युडीकोलन वॉटर’ म्हणणारेही भेटतात, तो मात्र पिवळा पितांबर. (नुसतं ‘कोलन’ लिहिणं मी टाळतो. एक कोलन अपूर्णविराम, दुसरं मोठ्या आतड्यात. तिसऱ्याची गर्दी नको.)

आणि हे पाणी कुठलं? ऱ्हाईन नदीकाठच्या जर्मन शहराचं. जर्मन त्याला क्योल्न म्हणतात, बाकी जग कोलोन. तिथे स्थायिक झालेल्या जोहान मारिया फरीना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे मिश्रण नावारूपाला आणलं आणि नव्या गावाचं नाव त्याला दिलं. १७०८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की या वासाने त्याला पावसानंतरची इटलीतली वसंतातली सकाळ आठवते. म्हणजे आठवण इटलीची आणि नाव जर्मनीचं; परगावी राहणाऱ्या माणसाचं हे असंच होतं. त्याच शहरातलं दुसरं प्रसिद्ध कोलोन म्हणजे ४७११. तो चक्क घराचा क्रमांक आहे.

पण शब्दवेड्यासाठी खरी मौज त्याच्याही मागे आहे. इ.स. ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसने ऱ्हाईनकाठच्या या ठाण्याला ‘कोलोनिया’चा दर्जा दिला. कोलोनिया म्हणजे वसाहत. मूळ नाव लांबलचक होतं, त्यात त्याची बायको अग्रिपिना हिचंही नाव गुंफलेलं होतं. लोकांनी बाकीचं टाकलं आणि ‘वसाहत’ तेवढं ठेवलं. त्याच लॅटिन शब्दातून इंग्रजीमार्गे आपल्याकडे ‘कॉलनी’ आली. तेव्हा सिडको कॉलनीत राहणारा माणूस कोलोन लावतो, तेव्हा एकच शब्द त्याच्या पत्त्यातही असतो आणि मनगटावरही. ठाणेकरांनीही फार हसू नये. शिलाहारांच्या काळातलं श्रीस्थानक, त्याचं ठाणं, त्याचं ठाणे. दोन्ही शहरांच्या नावांचा अर्थ एवढाच की इथे माणसं येऊन राहिली.

त्यात मराठी आणखी एक गाठ मारते. आपल्याकडे ‘वास’ म्हणजे राहणं आणि ‘वास’ म्हणजे गंध. संस्कृत कोश या दोघांचे धातू वेगळे धरतात, त्यामुळे हे नातं नव्हे, नुसतं नामसाधर्म्य. सुवासिनीतला वास राहण्याचा आहे, सुगंधाचा नाही, हे सांगितलं की हळदीकुंकवात अजूनही दोन-तीन जणी चमकून बघतात. पण कोलोनच्या बाटलीत हे दोन्ही वास एकत्र नांदतात एवढं खरं.

अत्तर म्हणावं का? नको. अरबी ‘इत्र’वरून आलेला हा शब्द मराठीत एका विशिष्ट वस्तूला चिकटलाय. कनौजचे कारागीर देगेत फुलं उकळून वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात, ते अत्तर. तेलाचं, दाट, थेंबावर विकलं जाणारं, कानात फाया ठेवायचं. कोलोनमध्ये सुगंधी तेलं साधारण दोन ते पाच टक्के, बाकी बहुतेक अल्कोहोल आणि पाणी. अल्कोहोल उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं म्हणून गार वाटतं. कपाळावरच्या घडीत तोच हिशोब होता. लिंबू-संत्र्याच्या वर्गातले वास लवकर उडतात, म्हणून कोलोन टिकत नाही. तुमचा प्रश्न वाचून मीही जांभळी नाक्यावरून एक छोटी बाटली आणली आणि भर दुपारी ठाण्याहून वाशीची गाडी पकडली. डब्यात चढताना रुमालाला लिंबाची करकरीत धार होती. ऐरोलीपर्यंत ती होती. कोपरखैरण्याला बोथट झाली, आणि वाशीला उतरलो तेव्हा मागे उरलं होतं काहीतरी रोझमेरीसारखं, फार जवळ नाक नेल्यावर सापडणारं. समोरच्या बाकावरच्या काकांनी खिडकीतून खाडीचा दर्प आला तेव्हा नाक मुरडलं, माझ्या रुमालाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मंद म्हणतात ते हे. उन्हाळ्यात खरं अत्तरच हवं असेल तर वाळ्याचं घ्या. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

क्रियापदाचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो, कारण फरक तिथेच कळतो. अत्तर लावतात, बोटाने, बेताने. सेंट मारतात, आणि ‘सेंट मारून आलाय’ म्हणणारा थोडा टोमणा मारतच असतो. मारणं आलं ते फवाऱ्यातून, जसं झाडांवर औषध मारतात. गुलाबपाणी शिंपडतात. कोलोन मात्र जुन्या पद्धतीने तळहातावर ओतून मानेवर, दंडांवर थापायचं असतं, त्याला आपल्याकडे सुरेख शब्द आहे: हबका. उन्हातून आल्यावर तोंडावर पाण्याचा हबका मारतो, तसा कोलोनचा हबका. ‘स्प्लॅश’ला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही. (चेहऱ्यावर नको, डोळे चुरचुरतात. आणि लावून थेट उन्हातही जाऊ नका. यातल्या बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाने उन्हात काहींच्या कातडीवर डाग पडतात.)

राहिलं लिंग. अत्तर ते, पाणी ते, म्हणून कोलोनही ते. ‘तो कोलोन’ म्हणणारे बहुधा मनात ‘तो सेंट’ किंवा ‘तो परफ्यूम’ धरून बोलतात. कानाला खटकतं, पण भांडण्याइतकं नाही. आईला मात्र ‘कोलनवॉटर आणलंय’ असं सांगणार असाल तर तयारीत राहा. ती आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघेल.