मोठी मुलं घरी शिकतात तेव्हा आठवडा कुणी आखायचा?

एका आईचं पत्र आलं आहे. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटी तेराची. नवऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्या देशात बदली होते, म्हणून गेल्या वर्षीपासून दोघांचं होमस्कूलिंग सुरू केलं. भिंतीवर वेळापत्रक लावलं: नऊ ते पावणेदहा गणित, मग विज्ञान, मग दहा मिनिटांची सुट्टी. "आता रोज सकाळी भांडण होतं. मुलगा साडेनऊशिवाय उठत नाही. मुलगी म्हणते, इतिहासाचं पुस्तक रंगात आलंय, आत्ता गणित नको. दिवसभर मी नुसती मागे लागलेली असते. मोठ्या मुलांचा आठवडा कसा असावा?"

ताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही आठवडा कसा असावा असं विचारलंत आणि भिंतीवर मात्र दिवस लावलात. शाळेत दर पाऊण तासाला घंटा होते, कारण तिथे एका वर्गात तीस मुलं आणि दिवसाला सहा-सात शिक्षक असतात. त्या सगळ्यांची मोट बांधायला घंटा लागते. तुमच्या घरी दोन मुलं आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला रोजची ठरलेली वेळ आधार देते हे खरं, पण बारा-तेरा वर्षांनंतर हिशेब आठवड्याचा ठेवावा आणि तो आठवडा मुलांनी स्वतः आखावा. माझी दोन्ही मुलं पाच वर्षं घरी शिकली. त्यांतलं पहिलं वर्ष आमच्याही घरी असंच रडारडीत गेलं होतं, म्हणून हे मनापासून लिहिते आहे.

मात्र तुमची बदली पुन्हा होणार आहे, तेव्हा कायद्याचं आधी सांगते. घरी शिकवण्याची मुभा प्रत्येक देशात नाही. जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. तिथल्या एका कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही २००६ साली दाखल करून घेतली नाही. स्वीडनमध्ये अगदी अपवादात्मक कारण असेल तरच परवानगी मिळते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळतंय हे पाहणं आई-वडिलांचं कर्तव्य आहे, ते शाळेतच मिळायला हवं असं नाही. अमेरिकेत सगळ्या राज्यांत मुभा आहे, पण नियम टोकाचे वेगळे: टेक्ससमध्ये जवळजवळ काही कळवावं लागत नाही, तर न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना, दर तिमाहीचा अहवाल आणि सातवी ते बारावीसाठी वर्षाला ९९० तास दाखवावे लागतात. सामान बांधायच्या आधी नव्या जागेचा नियम तिथल्या शिक्षण खात्याच्या कागदावर स्वतः वाचा. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

आता आठवडा. आमच्याकडे त्याची सुरुवात रविवारी संध्याकाळी व्हायची. अर्धा-पाऊण तास, प्रत्येक मुलाबरोबर वेगळं बसायचं, मध्ये एक साधी वही. डाव्या पानावर या आठवड्यात काय हातावेगळं करणार हे मुलानं लिहायचं. उजवं पान कोरं ठेवायचं आणि पुढच्या रविवारी तिथे प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. मी फक्त प्रश्न विचारायचे. "गणित करणे" असं लिहिलं की मी विचारायची, कुठलं गणित, किती, आणि झालं हे कशावरून कळणार? हळूहळू वहीत असं यायला लागलं: "वर्गसमीकरणं, सूत्रानं सोडवायची वीस उदाहरणं, चुकलेली गुरुवारी न बघता पुन्हा." हे वाचून मुलाला काय करायचं ते कळतं आणि तुम्हालाही काय तपासायचं ते कळतं. तास मोजायची गरज उरत नाही. जिथे कायद्यालाच तास हवेत तिथली नोंद वेगळी ठेवायची.

पहिले काही रविवार मुलं अवाच्या सवा लिहितात. माझ्या मुलानं एका आठवड्यात भूमितीची चार प्रकरणं लिहिली होती. शनिवारपर्यंत एक झालं. तेव्हा रागावायचा मोह होतो. तो आवरा, कारण आपल्याला किती झेपतं याचा अंदाज त्याला तिथेच येत असतो. उजव्या पानावर "एक झालं" असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात दीड प्रकरण घेतलं. तेवढं झालं.

सगळे विषय रोज थोडे थोडे घ्यायची गरज नाही. गणित आणि नवी भाषा रोज हवी, कारण त्यांत खंड पडला की गाडी रुळावर यायला वेळ लागतो. इतिहास, विज्ञान, लांब निबंध यांना सलग दोन-अडीच तास द्या. तुमची मुलगी इतिहासात रमली आहे ना, मग मंगळवारची अख्खी सकाळ तिला इतिहासच वाचू दे. गणिताची उदाहरणं दुपारी होतील. असं एखाद्या गोष्टीत बुडून जाणं शाळेत क्वचितच मिळतं, ते घरी मिळत असताना आपण का तोडावं?

मुलाच्या उठण्याचं म्हणाल तर त्याला आळशी समजू नका. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेच्या विकारांवर काम करणारे अमेरिकेतले डॉक्टर सांगतात. होमस्कूलिंगमध्ये दहा वाजता अभ्यासाला बसता येतं, ही सवलत त्याला घेऊ द्या. उठायची वेळ मात्र रोज साधारण एकच असावी आणि रात्री फोन त्याच्या खोलीत नसावा. या दोन गोष्टींवर मी ठाम राहिले.

आता ज्याच्याशिवाय हे सगळं पोकळ राहतं ते सांगते: शिकलेलं स्वतःहून आठवून सांगणं. घरी शिकणाऱ्या मुलांचा मोठा धोका हा की ती वाचतात, व्हिडिओ बघतात, मान डोलावतात आणि आपल्याला समजलं असं त्यांना मनापासून वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा लिहून काढणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून शुक्रवार हा आमच्याकडे पुस्तकं मिटून सांगायचा दिवस. आणि सांगायचं ते आजोबांना, व्हिडिओ कॉलवर, मराठीत.

त्यातला एक शुक्रवार मी विसरणार नाही. मुलगी तेव्हा चौदाची होती. खोलीत अंधार करून तिनं टॉर्च मांडला, चेंडू हातात धरला आणि सूर्यग्रहण कसं लागतं ते सांगितलं. चंद्र मध्ये येतो, सावली पडते, सगळं बरोबर. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग दर अमावास्येला का लागत नाही गं ग्रहण? चंद्र तर दर महिन्याला मध्ये येतो." ती गप्प झाली. चेंडू पुन्हा फिरवला, दर फेरीला ग्रहण लागायला लागलं. "बघून सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी वहीत एकच ओळ जास्तीची होती: "आजोबांचा प्रश्न." दोन दिवस ती कागदावर आकृत्या काढत होती. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे हे तिला पुस्तकात सापडलं, पण डोळ्यांसमोर येईना. मग तिनं पुठ्ठ्याची दोन वर्तुळं कापली, खाच पाडून एकमेकांत तिरपी अडकवली आणि बोट फिरवत बसली. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो; जिथे ही दोन वर्तुळं छेदतात त्या बिंदूंच्या जवळ अमावास्या आली तरच ग्रहण लागतं. शुक्रवारी तिनं ती दोन टोकं कॅमेऱ्यासमोर धरली. आजोबा पुढे सरकून म्हणाले, "अगं, हेच तर राहू आणि केतू!" आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात त्या दोन बिंदूंना हीच नावं आहेत, हे तिला तोवर माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

परदेशातल्या आपल्या मुलांचं मराठी बहुतेकदा 'जेवायला ये' आणि 'आवरून घे' यांपुढे जात नाही. कक्षा, कललेली, छेदणे हे शब्द माझ्या मुलीला त्या आठवड्यात लागले म्हणून आले. मराठीचा वेगळा तास ठेवून ते आले नसते. तुमच्याकडे आजी-आजोबा, मामा, मावशी, कुणीही असो, आठवड्यातला एक अर्धा तास त्यांच्याकडून मागून घ्या. त्यांना विषय येत नसेल तर फारच चांगलं, कारण ते खरे प्रश्न विचारतात.

आठवड्यात दोन-तीन खुंट्या बाहेरच्या असू द्या: एखादा खेळ, वाचनालयातलं काम, दुसऱ्या होमस्कूलिंग कुटुंबांबरोबरचा एखादा वर्ग. पंधरा वर्षांच्या मुलाला आई-बापांखेरीज इतर मोठ्या माणसांना उत्तर देण्याची सवय हवी आणि बरोबरीचे मित्र तर हवेतच. बदली झाली की हे आधी तुटतं, म्हणून नव्या गावात पहिल्या महिन्यातच शोधा. अभ्यास दोन आठवडे मागे पडला तरी चालेल. आणि गणित तुमच्या हाताबाहेर गेलं असेल तर शिकवायचा अट्टहास सोडा. चांगला शिकवणारा शोधणं, वेळेवर फी भरणं आणि वही बघणं, एवढं काम तुमच्याकडे पुरेसं आहे.

थोरल्याच्या परीक्षांचं मात्र पुढच्या रविवारी बोलाच. वारंवार देश बदलणाऱ्या कुटुंबानं अनेक देशांत केंद्रं असलेली परीक्षा निवडणं सोयीचं. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या पातळीची परीक्षा, त्यातली एक. तिच्या बऱ्याच विषयांत शाळेतल्या कोर्सवर्कची, म्हणजे वर्षभरात करून गुण मिळवायच्या कामाची, अट नसते, म्हणून बाहेरून बसणाऱ्यांना ती जमते. पण प्रायव्हेट कँडिडेट घेणारं केंद्र आपल्यालाच शोधावं लागतं आणि मे-जूनच्या परीक्षेचे अर्ज कितीतरी महिने आधी बंद होतात. अमेरिकेत जाणार असाल तर एपीची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची, परीक्षा मेमध्ये असली तरी शाळा तिची मागणी नोव्हेंबरमध्येच नोंदवतात. बाहेरच्या मुलाला बसवून घेणारी शाळा शरद ऋतूच्या सुरुवातीलाच गाठा. भारतात परतायचा विचार असेल तर १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी-बारावी करता येते. नववीच्या वयापासून प्रत्येक विषयाचं एक पान ठेवा: कुठलं पुस्तक, कुठले प्रयोग, कसं तपासलं, कधी संपलं. पुढे कुठल्याही विद्यापीठानं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांची आणि गुणांची नोंद, मागितली की ही पानंच उपयोगी पडतात, आणि त्या रविवारच्या वहीतून ती जवळजवळ आयती निघतात.

तर येत्या रविवारी भिंतीवरचं वेळापत्रक मुलांकडूनच काढून घ्या. दोघांना दोन वह्या द्या. मुलाला "तू काय करायला हवंस" हे सांगू नका, "या आठवड्यात काय पूर्ण करशील?" एवढंच विचारा आणि तो लिहीपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. चार रविवार झाले की मला पुन्हा लिहा, आणि मुलांची हरकत नसेल तर एखादं पान पाठवा, उजव्या बाजूसकट.