बोट मधल्या दिवशी, शहर दोन्ही बाजूंना

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: निपाणीहून तुम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, शिवाय गडहिंग्लजची नणंद आणि तिचे यजमान असे सातजण व्हिएतनामला निघालात. एजंटाने चार रात्रींचा कार्यक्रम दिलाय. त्यात एकाच दिवशी सकाळी ‘हनोई सिटी टूर’ आणि दुपारी ‘लक्झरी बे क्रूझ’ आहे. हे जमेल का, बोटीवर रात्र काढावी का, सासूबाईंचे गुडघे आणि त्यांचं शाकाहारी जेवण कसं सांभाळायचं, हे तुम्हाला हवंय. मी जाऊन आले आहे, आणि त्यानंतर बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच कुटुंबांना कार्यक्रम आखून दिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

एका दिवसात दोन्ही करू नका. हनोई शहर आणि ही बोट जिथे फिरते ती ‘हा लाँग’ खाडी एकमेकांच्या शेजारी नाहीत. मध्ये साधारण दीडशे किलोमीटरचं अंतर आहे. 2018 मध्ये वाटेवरच्या हायफाँग शहरापासून हा लाँगपर्यंतचा द्रुतगती मार्ग सुरू झाला, म्हणून आता अडीच तासांत धक्क्यावर पोचता येतं. पण जाऊन-येऊन पाच तास गाडीतच गेले. सकाळी शहर उरकून दुपारी बोट म्हटलं की दोन्हीकडे फक्त तोंडओळख होते. वर सत्तरीच्या बाईला दिवसभर गाडीतून उतर, गाडीत चढ करायला लागतं ते वेगळंच. अंधार पडल्यावर खाडीतली बेटं दिसत नाहीत, आणि बघायला जातो ती तीच.

तुमच्याकडे चार रात्री आहेत, त्या पुरेशा आहेत. फक्त क्रम बदला. पहिल्या दिवशी पोचून हनोईत मुक्काम. दुसरा दिवस शहराचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास निघून दुपारी बोटीवर, रात्र बोटीवरच. चौथ्या दिवशी दुपारी तीन-चारपर्यंत हनोईत परत, संध्याकाळी पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ. पाचव्या दिवशी विमानाच्या वेळेपर्यंत उरलेलं शहर आणि खरेदी.

बोट मधोमध ठेवायचं कारण सांगते. या बोटी दुपारी बाराच्या सुमारास सुटतात आणि कुणासाठी थांबत नाहीत. उतरल्याबरोबर दुसऱ्या दिवशी बोट ठेवली आणि मुंबईचं विमान रखडलं, तर बोटीचे पैसे पाण्यात. शेवटच्या दिवशी ठेवली आणि वारा सुटला म्हणून बंदराने बोटी थांबवल्या, तर बदली दिवसच उरत नाही. मधे असली की शहराचा दिवस पुढे-मागे सरकवता येतो. शहर कुठे पळून जात नाही. एजंट लोक बोट पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी टाकतात, कारण त्यांना विमानतळाची एक फेरी वाचते. तुम्ही आग्रहाने बदलून मागा.

आता शहर. सगळं बघायचा हट्ट धरू नका. वान मियू, म्हणजे साहित्य मंदिर, मात्र चुकवू नका. 1070 मध्ये बांधलेलं हे कन्फ्यूशियसचं मंदिर, आणि काही वर्षांतच तिथे देशाचं पहिलं विद्यापीठ सुरू झालं. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत, त्यावर राजदरबाराच्या परीक्षा पास झालेल्या विद्वानांची नावं कोरलीत. तुमचा मोठा दहावीला आहे म्हणता, त्याला हे आवडेल. तिथली मुलंही परीक्षेआधी इथे येऊन जातात. आतला परिसर सपाट आहे, बसायला सावली आहे, त्यामुळे सासूबाईंनाही त्रास नाही.

हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर वार नीट पाळा. ती सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, बाकीच्या दिवशी फक्त सकाळी उघडते, आणि वर्षातून एकदा काही आठवडे देखभालीसाठी बंद ठेवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात. रांग मोठी असते. सासूबाईंना तेवढं उभं राहणं जमणार नसेल तर त्यांना तुमच्या यजमानांबरोबर जवळच्या एकस्तंभी पॅगोड्यात पाठवा. होआ लो तुरुंग फ्रेंचांनी 1896 मध्ये बांधला, ठिकाण महत्त्वाचंच आहे, पण धाकटा सहा वर्षांचा आहे म्हणून यावेळी सोडा.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांना तिथे विकल्या जाणाऱ्या मालाची नावं आहेत. चांदीची गल्ली, रेशमाची गल्ली, कागदी सामानाची गल्ली. आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात वाढलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं, सगळा जीव दुकानाच्या उंबऱ्यावर. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात. एरवी तिथल्या दुचाकींच्या लोंढ्यातून म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून नेणं फार जड जातं. म्हणून तुमची शहरातली एक तरी संध्याकाळ शनिवार-रविवारी येईल असं बघा. हॉटेल जुन्या शहरातच घ्या. बोटीची गाडी तिथल्या हॉटेलांच्या दारातून माणसं उचलते. लांब राहिलात तर पहाटे उठून टॅक्सी शोधावी लागेल.

तुमच्या नणंदेच्या यजमानांनी व्हिएतनाममधल्या शिवरायांच्या पुतळ्याबद्दल विचारलंय. तो मेसेज आमच्याकडेही दरवर्षी फिरतो. महाराजांची युद्धनीती वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, तिथे त्यांचा पुतळा आहे, वगैरे. त्याला कुठलाही पुरावा नाही. तो पुतळा शोधायला एक दिवस घालवू नका, आणि वाटाड्याला विचारून त्याला कोड्यात टाकू नका. त्याऐवजी त्यांना एक खरी जागा दाखवा. हा लाँगला जाताना गाडी बाक डांग नदीवरच्या मोठ्या पुलावरून जाते. या नदीत 1288 मध्ये चान हुंग दाव या सेनापतीने कुबलाई खानाचं आरमार बुडवलं. भरतीच्या वेळी शत्रूला आत येऊ दिलं, ओहोटी लागली तशी नदीच्या तळात आधीच रोवून ठेवलेल्या टोकदार खुंटांवर जहाजं अडकली. हीच युक्ती तिथल्याच लोकांनी 938 मध्येही याच नदीत केली होती. गनिमी काव्याची ज्यांना आवड आहे त्यांनी पुलावर आल्यावर झोपू नये. गाडी तिथे थांबत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा.

खाडीत काय आहे? तुम्ही कुमट्याजवळच्या याणाला गेला असाल तर तिथले काळे सुळके डोळ्यासमोर आणा. तेही चुनखडीचेच. तसे दीड हजारांहून जास्त सुळके आणि डोंगर हिरव्या पाण्यातून वर आलेले, बहुतेकांवर माणूस राहत नाही. पावसाने चुनखडी लाखो वर्षं विरघळत गेली, गुहा आणि शिखरं तयार झाली, आणि हिमयुगानंतर समुद्र वर चढला तेव्हा मधल्या दऱ्या पाण्याने भरल्या. युनेस्कोने 1994 मध्ये जागतिक वारशात घेतलं, 2023 मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला. या भागाचं मोल संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी आठच्या आधी कळतं, जेव्हा दिवसाच्या बोटी धक्क्याला गेलेल्या असतात. दिवसाच्या सहलीवाल्यांना नेमकी हीच वेळ मिळत नाही. म्हणून हॉटेलवरचा खर्च कमी करा, पण एक रात्र बोटीवर काढा. दोन रात्री मात्र तुमच्या कार्यक्रमात नकोत, मुलं कंटाळतील.

सासूबाईंना बोट लागेल ही भीती काढून टाका. बेटांमुळे आतलं पाणी बहुतेक वेळा तळ्याइतकं शांत असतं, आणि रात्री बोट नांगर टाकून उभी असते. त्रास होतो तो पायऱ्यांचा. सुंग सोत गुहेत चढ-उतार आहे, आत वाट ओली असते. ‘ती तोप’ नावाच्या बेटावरच्या माथ्यापर्यंत चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ते तुम्ही आणि मुलांनी करा, सासूबाई खाली किनाऱ्यावर किंवा बोटीच्या वरच्या मजल्यावर खुशाल बसतील. दुसरं, मोठ्या बोटीतून बेटावर जाताना छोट्या लाँचमध्ये उतरावं लागतं, तिथे हात धरायला माणूस हवा. खोली जेवणाच्या मजल्यावर मिळते का किंवा बोटीत लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. ‘लक्झरी’ म्हणून ज्या गोष्टींचे पैसे घेतात, त्यातली खोलीला जोडलेली गच्ची खरोखर उपयोगाची. बाकी बाथटब नि स्पा यांना वेळच मिळत नाही. गच्ची असेल तर धाकट्यासाठी कठड्याच्या गजांमधलं अंतर फोटोत पाहून घ्या.

एजंट कदाचित ‘लान हा’ नावाच्या शेजारच्या खाडीची बोट सुचवेल. सुचवली तर घ्या. ती कात बा बेटाला लागून आहे, तसेच डोंगर, गर्दी कमी. फक्त सुंग सोत आणि ती तोप त्या मार्गावर बहुधा नसतात, त्याऐवजी कयाक आणि सायकलचा कार्यक्रम असतो. सासूबाईंचा विचार करता मला लान हा जास्त बरी वाटते.

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका. सप्टेंबर 2024 मध्ये यागी चक्रीवादळ याच किनाऱ्याला धडकलं. जुलै 2025 मध्ये खाडीत अचानक आलेल्या वादळात दिवसाच्या सहलीची एक बोट उलटून पस्तीसहून जास्त माणसं गेली. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. जून ते सप्टेंबर टाळा, आणि बंदराने बोटी थांबवल्या तर वाटाड्याशी वाद घालू नका, एवढंच. लाइफ जॅकेट सातही जणांना मापाचं मिळालं का हे बोट सुटण्याआधी बघा, मुलांचं वेगळं असतं. बोट रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की दुसरा दिवस, हे एजंटाकडून लेखी घ्या.

इथे तुमची खरी अडचण सुट्टीची आहे. तुमच्या मुलांना कर्नाटकाप्रमाणे दसऱ्याची सुट्टी, नणंदेला महाराष्ट्राप्रमाणे दिवाळीची. सीमेवरच्या घरांना हे नेहमीचंच. हवामानाचा कौल विचाराल तर दिवाळी घ्या. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये आकाश मोकळं असतं, उकाडा नसतो. त्यासाठी मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडली तर बुडू द्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी असते आणि धुक्यात डोंगर झाकून जातात, मार्चमध्ये बारीक पाऊस. एप्रिलची सुट्टी हा दुसरा बरा पर्याय.

जेवणाचं सांगते. व्हिएतनामी स्वयंपाकात नुओक माम नावाचा माशाचा अर्क जवळजवळ सगळ्यात पडतो, भाजीतही आणि चटणीतही. ‘नो मीट’ म्हटल्याने तो थांबत नाही. ‘आन चाय’ हा शब्द पाठ करा. तिथले बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, त्यामुळे शब्द सगळ्यांना कळतो आणि शहरात तशी हॉटेलंही आहेत. सासूबाई कांदा-लसूण खातात का, अंडं चालतं का, हे बोटवाल्यांना बुकिंगच्या वेळी आणि आदल्या दिवशी पुन्हा कळवा. बोटीवर ऐन वेळी सांगितलं तर भात नि उकडलेली भाजी येते. घरून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचं करदंट न्या. करदंट टिकतं, कुंदा नेऊ नका, दुधाचा आहे. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या बोटीवर नेऊ नका, 2019 पासून खाडीत एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे. स्टीलच्या बाटल्या घ्या. बाकी सहाजण मासे खाणारे असाल तर तुमची चंगळच आहे, शिंपल्या, कोळंबी, खेकडे सगळं ताजं.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचा 25 डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत. सरकारी संकेतस्थळावरच भरा, मिळत्याजुळत्या नावाची खाजगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्याकडे एक गोष्ट हमखास अडते. घरात काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, सासूबाईंचं नाव आधारवर वेगळं. अर्जात आधारवरचं नाव चालत नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला ज्या दोन ओळी असतात, त्यात आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा, आणि विमानाच्या तिकिटावरही तेच. निघायच्या तीन आठवडे आधी अर्ज टाका.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास. तुम्ही हायवेवरच आहात, रात्रीची स्लीपर धरून एक दिवस आधी मुंबईत पोचा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईचं वेगळं तिकीट काढून त्याच दिवशी पुढचं विमान पकडायच्या भानगडीत पडू नका. पैशांचं म्हणाल तर शंभर रुपयांना साधारण तीस हजार डाँग मिळतात. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. वेगवेगळ्या खिशात ठेवा, विशेषतः रात्रीच्या बाजारात.

एजंटाला आजच तीन गोष्टी विचारा: बोटीचं नाव काय, ती ‘हा लाँग’मध्ये फिरते की ‘लान हा’मध्ये, आणि बोट रद्द झाल्यास काय. नाव सांगायला टाळाटाळ केली तर तो कार्यक्रम घेऊ नका. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, सोमवार-शुक्रवार कुठे येतात ते बघून शहराच्या दोन दिवसांत काय कधी ठेवायचं ते सांगते.