आधी त्या पत्रांबद्दल बोला

पत्र: आम्ही दोघी मैत्रिणी, गोव्यातल्या पर्वरीच्या. 1986च्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला, तेव्हा बेतीहून फेरीबोटीने पणजीला कॉलेजात जायचो. परीक्षा संपल्यावर मीटरगेज (अरुंद रुळांच्या) गाडीने दूधसागर धबधब्यावरून मिरज आणि तिथून कोल्हापूरला अंबाबाईला गेलो. किती हसलो होतो! पुढे लग्नं झाली. तिची आई गेली तेव्हा तिने मला दोन पत्रं लिहिली. माझं सासर नवं, बाळ अंगावरचं; उत्तर राहिलं. मग लाजेने लिहिलंच नाही. आता ती बेळगावला असते, नंबर मिळालाय. कोल्हापूरचा फोटो पाठवून, परत त्याच गाडीने जाऊया म्हणू का? घरचे म्हणतात, आता कशाला उकरून काढतेस? – एक वाचक, फोंडा

ताई, जरूर बोला. घरच्यांना काळजी वाटते ते ठीक, पण ही मैत्रीण तुमची आहे आणि इतकी वर्षं तुम्हाला टोचतंय तेही तुमचंच आहे.

फोटो मात्र आत्ता पाठवू नका. तुमच्यासाठी ती सहल म्हणजे बोगदे, धबधब्याचे तुषार, हसणं. तिच्या मनात तुमच्या नावापुढे कदाचित ती दोन पत्रंच असतील. आई गेलेल्या मुलीने पोस्टमनची वाट पाहिली आणि काही आलं नाही. त्यावर थेट हसरा फोटो आला, तर तिला वाटेल, हिला तेवढं आठवतंच नाही. तुम्हाला तर ते सगळ्यात जास्त आठवतं, हे तुमच्या पत्रात दिसतंय. मग तेच पहिलं सांगा, चार ओळींत:

'मी पर्वरीची तुझी मैत्रीण. आई गेल्या तेव्हाची तुझी दोन्ही पत्रं मला मिळाली होती. मी उत्तर दिलं नाही, चुकले. तुझ्याशी बोलायची फार इच्छा आहे. तुला जमेल तेव्हा सांग.'

सासर, बाळ, अडचणी यातलं काही लिहू नका. खरं असलं तरी पहिल्याच निरोपात ती सबब वाटते. तिने विचारलं तर सांगालच.

ती बोलली, तर आधी तिचं ऐका. तिच्या आईबद्दल विचारा. मला वाटतं, तिला त्या वेळी जे सांगायचं होतं ते अजून सांगून झालं नसेल.

दूधसागरच्या बेताची घाई नको. मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली, रूळ रुंद झाले. धबधबा तोच असला तरी विशीतली ती मोकळीक त्या गाडीत मिळेलच असं नाही. आणि नाही मिळाली की दोघी उगीच हिरमुसाल. ती माहेरी आली की पणजीच्या धक्क्यावर भेटा. बेतीची फेरी अजून आहे, पायी माणसाला तिकीट नाही. दहा मिनिटांत पलीकडे. गप्पा रंगल्या तर तशाच परत या, नाही रंगल्या तर कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

उत्तर नाही आलं तर लगेच पुन्हा निरोप टाकू नका. चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) थांबा आणि मग एकदाच फोन करा. तेव्हाही ती नको म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. तेवढा तिला द्या.