कोर्टाने निर्दोष सोडलं, म्हणजे त्याने गुन्हा केलाच नाही हे सिद्ध झालं का?

नाही. सरकारी पक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शंभर टक्के खात्री कायदा मागतच नाही. १८७२च्या पुरावा कायद्यानुसार, शहाणा माणूस जी गोष्ट खरी धरून पाऊल उचलेल इतकी ती संभवनीय असली, की ती शाबीत. (१ जुलै २०२४पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, पण गाभा तोच.) दिवाणी दाव्यात पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. फौजदारीत मात्र रास्त संशय उरता कामा नये.

पुण्यात १९८२ साली एका तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने खोडली जात नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायचा त्या पुराव्याची, साखळी अखंड हवी. 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यांत फार अंतर आहे, हे त्या निकालात ठासून सांगितलंय.

उदारमतवादाचं म्हणणं असं, की सरकारकडे पोलीस, तुरुंग, फासाचा दोर सगळं आहे, आरोपी एकटा. मग 'नक्की माहीत नाही' याचं ओझं सरकारनेच वाहावं. मृताच्या घरच्यांना हे निष्ठुर वाटतं, आणि त्यांचं दुःख खरंच आहे. तरी मला हा नियम मनापासून पटतो.

आणि हो, फौजदारीतून सुटलेल्या माणसावर त्याच घटनेबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा चालू शकतो. तिथे तो हरूही शकतो.