‘संमतीचा राक्षस’ की ‘होकाराचे भूत’?

स्लोव्हाक कथाकार आणि निबंधकार दोमिनिक तातार्का (१९१३–१९८९) यांच्या ‘देमोन सूह्लसु’ या कृतीचे नाव मराठीत ‘संमतीचा राक्षस’ असे करावे काय, असा प्रश्न आहे.

कोशाप्रमाणे ‘संमती’ चुकीची नाही. मात्र ‘सूह्लस’ या मूळ स्लोव्हाक शब्दातला ‘सू’ हा आपल्या ‘सम्’चा भाऊबंद आणि ‘ह्लस’ म्हणजे आवाज. तेव्हा ‘संमती’त मत जुळते, तर ‘सूह्लस’मध्ये आवाज जुळतो, मत जुळलेले असो वा नसो. रोजच्या वापरात स्लोव्हाक माणूस ही फोड मनात आणत नसेल, पण तातार्कांची कृती नेमकी याच फटीत उभी आहे. हवाई अपघातात मेलेला बोलेराझ नावाचा लेखक तीत मरणानंतर बोलतो, आणि चारचौघांत आपण कशाकशाला मान डोलावली याचा हिशेब मांडतो. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका झाली त्याच वर्षी, १९५६ मध्ये, ती ‘कुल्तूर्नी झिवोत’ या साप्ताहिकात आली. पुस्तक निघायला मात्र १९६३ उजाडले.

‘मम म्हणणे’ आणि ‘री ओढणे’ या आपल्या वाक्प्रचारांत आवाजाची बाजू अचूक येते, पण त्यांतून शीर्षक घडत नाही. ‘होयबा’ तर मुळीच नको, कारण त्याने दोष कुणा लाळघोट्यावर जातो आणि वाचक सुटतो. तातार्का स्वतःही सुटत नाहीत: पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनीही समाजवादी वास्तववादाच्या, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीने ठरवून दिलेल्या साहित्यरीतीच्या, साच्यातल्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. पुढे १९६८ नंतर, म्हणजे सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यावर, त्यांच्या लेखनावर बंदी आली आणि ‘चार्टर ७७’ या चेकोस्लोव्हाकियातल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या मोजक्या स्लोव्हाकांत ते होते, तरी ही कृती त्या धैर्याच्या आधीची आहे, हे शब्द निवडताना विसरू नये.

राहता राहिला ‘राक्षस’. तो बाहेरून येतो आणि गिळतो. भूत मानगुटीवर बसते आणि माणसाच्याच तोंडून बोलते. म्हणून मी ‘होकाराचे भूत’ असे सुचवीन. ‘होकार’ हा मुळातच तोंडाने उच्चारायचा शब्द असल्याने आवाजही हातचा जात नाही. संहितेत जिथे रीतसर परवानगीचा अर्थ असेल, तिथे मात्र ‘संमती’च ठेवावी.