पशुवैद्य की पशुवैद्यक?

प्रश्न : धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. तो मुंबईत परळच्या कॉलेजातून बी.व्ही.एस्सी. (जनावरांच्या वैद्यकाची पदवी) झाला. नावाखाली आम्ही ‘पशुवैद्यक’ लिहिलं, तर माझे मेहुणे (मराठीचे निवृत्त शिक्षक) म्हणतात, ‘पशुवैद्य’ हवं. व्याही ‘गुरांचा डॉक्टर’ म्हणतात, ते मुलाला झोंबतं. शिवाय आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांनाही गाव डॉक्टरच म्हणतं. मग फरक काय राहिला? – एक वाचक, करमाळा

उत्तर : व्याकरण मेहुण्यांच्या बाजूनं आहे. वैद्य हा माणूस आणि वैद्यक ही त्याची विद्या, जसं ज्योतिषी आणि ज्योतिष. ‘पशुवैद्यक परिषद’ या नावात तो शब्द विद्येच्याच अर्थानं आहे. पण मी पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि ‘तालुक्यातील सर्व पशुवैद्यकांनी उपस्थित राहावे’ अशी पत्रं ढिगानं वाचली. शिक्षक, लेखक, चिकित्सक यांच्या रांगेत हा शब्द कानाला खटकत नाही. शिवाय नुसतं ‘वैद्य’ म्हटलं की लोकांना खलबत्ता आणि काढा आठवतो, इंजेक्शन नाही. मी स्वतः पशुवैद्य लिहितो. कोणी पशुवैद्यक लिहिलं तर लाल शाई काढत नाही. ‘पशुवैद्यकीय’ मात्र विशेषण आहे. दवाखाना पशुवैद्यकीय असतो, नवरदेव नसतो.

‘गुरांचा डॉक्टर’ यात झोंबण्यासारखं काही नाही. मी ज्या कॉलेजात शिकलो (1886 चं, मुलगाही तिथलाच), त्याच्या दवाखान्याला अख्खी मुंबई ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणते. ‘व्हेटरनरी’ हा शब्दसुद्धा ओझ्याच्या जनावरांसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला. आपल्याकडे घोड्यांचा वैद्य तो शालिहोत्री, बोलीत सालोत्री. घोडे गेले, शब्दही गेला. नाल ठोकणारा नालबंद हा वेगळा माणूस, त्याला औषधाशी देणंघेणं नाही.

आता पर्यवेक्षकांचं. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, म्हणजे पदवीधर पशुवैद्य. श्रेणी-2 चा दवाखाना पशुधन पर्यवेक्षक सांभाळतो, त्याच्याकडे पदविका असते. जखमा धुणारा-बांधणारा तो व्रणोपचारक. पण हा शब्द पगारपत्रकाबाहेर मी कधी ऐकला नाही. सगळे त्याला ड्रेसरच म्हणतात. गावाच्या लेखी हे तिघेही डॉक्टर.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीचा पहिला पावसाळा. वस्तीवरची गाय व्याली होती, पण तिची वार (जार) आतच अडकली होती. मी आणि आमचे ड्रेसर रात्री पोचलो. ते पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, मी काडीपैलवान. म्हातारीनं त्यांच्यापुढं पाण्याची बादली ठेवली, माझ्या हातात कंदील दिला आणि त्यांना म्हणाली, “डाक्टर, ह्या पोराला नीट उजेड धराया सांगा.” ड्रेसरनी कंदील माझ्याकडून घेतला, तेव्हा मी बाह्या वर केल्या. खांद्यापर्यंत हात आत घालून पाऊण तास गेला. निघताना म्हातारीनं चहा आधी त्यांनाच दिला. खरं सांगायचं तर गाय कशी धरायची, शेपटी कुठं बांधायची, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळं त्या चहाबद्दल माझी तक्रार नाही.

हाक मारताना कोणालाही डॉक्टर म्हणा. कागदावर मात्र फरक पडतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच करता येतो. राज्य सरकारच्या परवानगीनं पदविकाधारकांना काही किरकोळ उपचार करता येतात, तेही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. विमा उतरवलेली म्हैस दगावली की हे कळतं. कानातला बिल्ला आहे, फोटो आहेत, पण म्हैस मेल्याच्या दाखल्यावर पशुवैद्याच्या नोंदणी क्रमांकाचा शिक्का नाही, म्हणून दावा अडकलेले शेतकरी माझ्या टेबलापुढं बसलेले मी पाहिलेत. रोज घरी येणारे ‘डॉक्टर’ आणि दाखल्यावर सही करू शकणारे डॉक्टर एकच नाहीत, हे त्यांना त्या दिवशी समजायचं.

माणसांच्या दवाखान्यातही पाटीवरून कामाचा पत्ता लागतोच असं नाही. जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपले सिव्हिल सर्जन, हे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाचं पद आहे. त्या खुर्चीतला माणूस भूलतज्ज्ञही असू शकतो. अपेंडिक्स काढून घ्यायला थेट त्यांच्या केबिनमध्ये जाऊ नका.

तर पत्रिकेत ‘डॉ.’ लावून खाली ‘पशुवैद्य’ छापा. एक अक्षर वाचेल, मेहुणेही शांत राहतील. ‘पशुवैद्यक’ छापून झालं असेल तर पत्रिका रद्दीत घालू नका, मेहुण्यांना सगळ्यात शेवटी द्या.